क्वेलूचं जांभूळ

आमच्या गावात मूल जन्मलं की बापाला स्वस्थ बसता येत नाही. नाळ बांबूच्या नळकांड्यात घालायची, तोंडाला चिंधी बांधायची आणि रानात जाऊन एखाद्या धडधाकट, फळं धरणाऱ्या झाडाला ते नळकांडं बांधून यायचं. त्या दिवशी गावात कुणी कामाला जात नाही. तिथून पुढे ते झाड त्या मुलाचं. मुलाचा जीव अर्धा घरात, अर्धा झाडात. झाडाला कोयता लागला तर पोर अंथरूण धरतं असं आम्ही मानतो, आणि मानतो म्हणजे मानतो. त्यात हसण्यासारखं काही नाही.

याच्या जोडीला एक नियम आहे. दुसऱ्याच्या नाळेच्या झाडाविषयी वाईट बोलायचं नाही. वाळलं म्हणायचं नाही, कीड लागली म्हणायचं नाही, आणि तोडा तर स्वप्नातसुद्धा म्हणायचं नाही. बोलायचंच झालं तर ज्यानं बांधलं त्या बापानं बोलावं, नाहीतर आईनं. नियम चांगला आहे. या नियमानंच आमचा डोंगर वाचला, आणि याच नियमापायी एका उन्हाळ्यात तो हातचा जायची वेळ आली.

वाचला कसा ते आधी सांगते. मक्याची वर्षं आली तेव्हा खालून ट्रक यायचे आणि पोती भरून जायचे. डोंगरावर जे उभं होतं ते आम्ही आडवं केलं, उरलं ते जाळलं. पण कितीही हाव सुटली तरी नाळेच्या झाडांना कुणी हात लावला नाही. पंगत उठून गेल्यावर मागे बसून राहिलेल्या म्हाताऱ्यांसारखी ती झाडं उघड्या डोंगरावर इथंतिथं उभी असायची. मग झरा आटला. भाताची खाचरं भेगाळली. बायका पिण्याचं पाणी आणायला पलीकडच्या दरीत उतरायला लागल्या आणि मक्याचं कौतुक संपलं.

माझी मुलगी नोवे तेव्हा शहरात होती. तोडलेलं रान पुन्हा उभं करणाऱ्या लोकांच्यात तिनं काम केलं होतं. परत आली ती डोक्यात तेच घेऊन.

"मो, मका पुरे," ती मला म्हणाली. मो म्हणजे आई. "झऱ्याच्या वरचा डोंगर रानाला परत देऊ."

"रान काय आपण उसनं आणलं होतं, परत द्यायला?"

"हो," ती म्हणाली. माझीच मुलगी, उत्तर तोंडावर मारणारच.

बाजारात सागाची आणि निलगिरीची रोपं मिळत होती. नोवे म्हणाली, ती नकोत, इथलीच झाडं हवीत, वेगवेगळी हवीत, पाखरं येतील अशी हवीत. इथलं बी आणायचं कुठून? इथलं उरलं होतं काय? नाळेची झाडं. मग ज्यानं त्यानं आपापल्या झाडाखालचं बी वेचून आणलं. कुणी हिरडा, कुणी आवळा, कुणी उंबर, कुणी रानफणस. झऱ्याजवळ आम्ही रोपवाटिका केली. पावसाळ्यात रोपं लावली, दोन-तीन वर्षं गवत काढलं, आणि दर हिवाळ्याच्या अखेरीला डोंगराच्या धारेवर जाळरेषा काढली. जाळरेषा म्हणजे पाचोळा ओढून, गवत खरवडून मोकळा केलेला मातीचा पट्टा. पलीकडच्या दरीतली आग चढून आली तर तिथं तिला खायला काही मिळू नये म्हणून. रोपं डोक्याच्या वर गेली. मग एका वर्षी झऱ्याच्या दगडांवर ओल दिसली, पुढच्या वर्षी धार, आणि त्यानंतर खेकडे. बांबूचे कोंब आले, अळंबी आली, मधाची पोळी आली. धनेश पक्षी आला त्या दिवशी म्हातारी माणसं अंगणात उभी राहून आभाळाकडे बघत होती. मी हे सगळं फार लवकर सांगितलं. करायला दहा-बारा वर्षं गेली.

या सगळ्यात सर्वांत जास्त बी कुणी दिलं असेल तर माझ्या शेजारणीनं, क्वेलूमोनं.

आमच्यात पहिलं मूल झालं की आईबापाचं जुनं नाव मागे पडतं. नोवे झाल्यापासून मी नोवेमो, नोवेची आई. माझं स्वतःचं नाव काय होतं ते मलाच आठवून सांगावं लागतं. क्वेलूमो लहानपणी मीदा होती. आमची घरं खांबांवर उभी, शिडीनं वर चढायचं; आम्ही एकाच शिडीखाली भातुकली खेळलो आणि एकाच पावसाळ्यात बाळंत झालो. तिला क्वेलू झाला, मला नोवे. क्वेलूच्या बापानं नाळ बांधायला डोंगराच्या अगदी धारेवरचं जांभूळ निवडलं. मी तेव्हाच म्हटलं होतं, एवढ्या वर कशाला? तो म्हणाला, "तिथून लांबचं दिसतं."

लांबचंच दिसलं त्या पोराला. मक्याच्याच वर्षांत तो दक्षिणेला समुद्रावर गेला, मासेमारीच्या बोटीवर. तिथून एकदा त्यानं फोन केला. "मो, इथं पाण्याला पलीकडचा काठच नाही," एवढं बोलला आणि फोन तुटला. नंतर काही नाही. बाप दोनदा बंदरावर जाऊन आला, हात हलवत. मग एका पावसाळ्यात तापानं तोही गेला.

क्वेलूमो रडताना मी बघितली नाही. ती रोज डोंगरावर जायची आणि खाली येऊन एवढंच म्हणायची, "जांभूळ हिरवं आहे." झाड हिरवं म्हणजे पोरगा आहे. आम्ही माना हलवायचो. फळं पडायला लागली की ती टोपली भरून आणायची. जांभळाचं बी सुकलं की मेलं, ताजंच पेरावं लागतं. तिच्या टोपल्या कधी वाया गेल्या नाहीत. झऱ्याच्या वरच्या उतारावर जांभळांचा जो मोठा पट्टा आहे, तो सगळा त्या एका झाडाचा.

पण झाड म्हातारं होतं. आधी शेंडा वाळला. मग बुंध्यात ढोली पडली, आत माणूस उभा राहील एवढी. शेवटी शेवटी पूर्वेकडची एक फांदी तेवढी हिरवी होती. अख्ख्या गावाला ते दिसत होतं. जाळरेषा त्या झाडाच्या बुंध्याशीच होती, आणि दर वर्षी रेषा काढताना आम्ही त्याच्याभोवती वाकून झाडत होतो आणि एक अक्षर बोलत नव्हतो. पोकळ, वाळकं झाड धारेवर उभं असलं तर आगीत काय होतं हे आमच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ढोलीत एक ठिणगी गेली की झाड आतून चुलाण्यासारखं पेटतं आणि निखारे वरून लांबवर उडवतं. मग रेषा कितीही रुंद काढा, उपयोग नाही. सगळा गाव शहाणा, पण त्या झाडापाशी सगळ्यांनी मिठाची गुळणी धरलेली. मीही धरली होती. त्याला आम्ही मान राखणं म्हणत होतो.

तो उन्हाळा वाईट होता. आभाळ महिनाभर राखेच्या रंगाचं होतं, सूर्य सकाळीही तांबडा. एका सकाळी पलीकडच्या दरीतून आग वर यायला लागली. कुणी लावली, कुठल्या शेतातून निसटली, कोण जाणे. वारा चढाकडे होता. दुपार टळायच्या आत ती धारेला लागणार हे सगळ्यांना कळलं.

गाव वर आलं. पुरुषांकडे दाताळी आणि कोयते, पोरांच्या पाठीवर पाण्याचे कॅन, आम्ही बायका केळीच्या पानात भात बांधून. बेत ठरलेला असतो: रेषेवरून आपणच पलीकडच्या अंगाला आग लावत जायचं, म्हणजे वर येणारी आग आणि आपली आग मध्येच भेटतात आणि उपाशी मरतात. नोवे पुढे होती. ती धारेवरून चालत जांभळापाशी आली, थांबली, वर बघितलं, ढोलीकडे बघितलं आणि काही न बोलता माघारी फिरली.

मला तिनं बाजूला घेतलं. "मो, या झाडासकट रेषा टिकणार नाही."

"मग सांग तसं."

"कुणाला सांगू? तुला माहीत आहे ना."

तिथंच एका दगडावर आमचा हीखो बसला होता. हीखो म्हणजे गावाचे विधी आणि रीतीभाती बघणारा म्हातारा. आम्ही त्याला फू म्हणतो, आजोबा. मी त्याला विचारलं, "फू, काही मार्ग?"

"क्वेलूचा बाप असता तर तोच बोलला असता," तो म्हणाला. "आता ती एकटी आहे. तिच्या तोंडून आलं तरच. आपण सुचवायचं पण नाही."

"आणि नाही आलं तर?"

म्हाताऱ्यानं पाइप झाडला. पेटवला मात्र नाही. "तर रान पुन्हा लावू," तो म्हणाला. त्याचं वय बघता हे बोलणं मोठं होतं.

मग आमच्या लोकांनी जे केलं ते दुसऱ्या कुठल्या गावानं केलं नसतं. नोवेनं कुणाचं नाव न घेता सांगितलं, दुसरी रेषा खाली काढू. खाली म्हणजे उताराच्या मध्यावर. म्हणजे वरचं अर्धं रान आगीला सोडायचं आणि खालचं अर्धं वाचवायचं. कुणी का म्हणून विचारलं नाही. माणसं मुकाट्यानं खाली उतरली आणि स्वतःच्या हातांनी लावलेली झाडं तोडून पट्टा मोकळा करायला लागली. माझा जावई ताये मशीनची करवत घेऊन पुढे. त्या करवतीचा आवाज आमच्या रानात पहिल्यांदा झाला. मला तो ऐकवेना. राग येत होता, आणि कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

क्वेलूमो मात्र वरच होती. ती झाडाखालचा पाचोळा ओढत होती, एकटी, घाईघाईनं. बुंध्याभोवती तिनं जमीन एवढी साफ केली होती की तिथं भात सांडला असता तर वेचून खाता आला असता. मध्येच वाळक्या भोपळ्याच्या भांड्यातलं पाणी ढोलीत शिंपडत होती.

मी दाताळं घेऊन तिच्या शेजारी गेले.

"आलीस?" ती म्हणाली. "मला वाटलं, तूही खाली गेलीस."

"माझी कंबर धरलीय. खाली उतरायचं म्हणजे पुन्हा चढायचं."

"तुझी कंबर कामाच्याच वेळेला धरते. जेवायला बसताना बरी सुटते."

"तू मोजत बसतेस वाटतं."

"दुसरं काय करायचं? ते खाली काय करतायत?"

"दुसरी रेषा."

"पहिलीला काय झालं?"

मी पाचोळा ओढत राहिले. ओढायला पाचोळा उरला नव्हता, नुसती माती खरवडत होते.

"बोल की," ती म्हणाली. "एरवी तुझं तोंड बंद करायला लोहार आणावा लागतो."

"मला बोलता येत नाही. तुला माहीत आहे."

तिनं भोपळा खाली ठेवला. खालून करवतीचा आवाज थांबला, झाड पडल्याचा आला, पुन्हा करवत सुरू झाली.

"मला ठाऊक आहे गं," ती म्हणाली. "ढोलीत मी रोज हात घालते. आत भुसा झालाय नुसता. तुम्हाला काय वाटलं, मला दिसत नाही?"

"एक फांदी हिरवी आहे."

"आहे. तेवढी पुरत होती मला."

धूर आता धारेवरून आमच्या अंगावर यायला लागला होता. तिनं डोक्याचं फडकं पदरासारखं तोंडावर ओढलं, आणि मग एकाएकी ते खाली केलं.

"झाडाबद्दल बोलायचं नाही, कबूल," ती म्हणाली. "पण पोराबद्दल? पोराबद्दल विचारू नका असं कुणी सांगितलं होतं? इतके सण झाले, इतकी लग्नं झाली. कुणा एकानं म्हटलं नाही, क्वेलूचं काही कळलं का. माझ्यासमोर त्याचं नाव फक्त मला हाक मारायला घेतात. तू पण तसलीच. शेजारी राहून."

हे मला लागलं, कारण खरं होतं. आम्हाला वाटायचं, कशाला खपली काढायची. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, पण आम्ही तर तिला कुठं जळतंय हेसुद्धा विचारलं नव्हतं.

"मग आता विचारते," मी म्हटलं. "क्वेलू आहे असं वाटतं तुला?"

ती दाताळं उचलून साफ जमीन पुन्हा ओढायला लागली. मला वाटलं, मी रीत मोडली आणि मैत्रीण घालवली, दोन्ही एका दमात.

"नाही," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"त्याचा बाप गेला त्या वर्षापासून. सणाला जीव बोलावून सगळ्यांच्या मनगटाला दोरे बांधतो ना, तेव्हा मी शिडीशी उभी राहून क्वेलूलाही हाक मारायची. आधी वाटायचं, कुठंतरी पोचते. त्या वर्षी पोचेना. विहिरीत दगड टाकावा आणि आवाजच येऊ नये, तसं."

"मला सांगायचंस."

"कसं सांगू? तोंडातून काढलं की मीच त्याला मारल्यासारखं झालं असतं. झाड उभं होतं तोवर म्हणावं लागत नव्हतं."

मी तिचा हात धरला. मग ती धारेच्या कडेला गेली आणि खाली बघायला लागली. माणसं मुंग्यांसारखी कामात होती.

"ती रेषा कशातून काढतायत?"

"जांभळांच्या पट्ट्यातून."

"माझ्या?"

"हो."

"म्हणजे धारेपर्यंतचं सगळं सोडणार. माझ्या एका वाळक्या झाडासाठी."

"आम्ही कुणी तसं म्हटलेलं नाही."

"तुम्ही कसले म्हणताय. तुम्ही नुसते तोडताय." ती रागावली होती, आणि मला बरं वाटलं. "दीडशहाण्यांचं गाव आहे हे. जा, तायेला वर बोलाव. आणि म्हाताऱ्याला उठव."

मी अशी धावले की कंबरेची आठवणसुद्धा राहिली नाही.

ताये वर आला तेव्हा त्याच्या तोंडावरून घाम आणि काजळी एकत्र वाहत होती. क्वेलूमोनं त्याला सांगितलं, "पलीकडच्या अंगाला पाड. आगीकडे." तो माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली. तरी त्याचा हात करवतीच्या दोरीवर जाईना.

हीखो काठी टेकत आला. "आधी त्याला बोलावून घे, लेकी," तो तिला म्हणाला. "झाड रिकामं कर. मग पाडू."

बोलावणीला उकडलेलं अंडं लागतं, भात लागतो, दोरा लागतो. अंडं नव्हतं. माझ्या केळीच्या पानातला मूठभर भात होता. दोऱ्यासाठी तिनं आपल्या झोळीच्या झालरीतला एक पांढरा धागा ओढून काढला. भात बुंध्याशी ठेवला आणि कोयत्याच्या मुठीनं खोडावर ठोठावलं, दारावर ठोठावतात तसं. ढोलीतून पोकळ आवाज आला.

"क्वेलू, ये," तिनं हाक मारली. "पाण्यात असशील तर ये, बोटीवर असशील तर ये, दुसऱ्याच्या गावात असशील तर ये. झाडात बसू नकोस, झाड आता राहणार नाही. भात शिजलाय. शिडी खाली सोडलीय. तुझा बाप तिकडे भेटला तर त्यालाही सांग. ये बाळा, घरी ये."

तीनदा बोलावलं तिनं. मी रडत होते, ताये रडत होता. ती रडत नव्हती, आवाज मात्र इतका मोठा होता की खाली उतारावरची माणसं हातातलं काम टाकून उभी राहिली. सगळी आपोआप वर यायला लागली.

बोलावलेला जीव दोऱ्यानं मनगटाशी बांधतात, पुन्हा भटकू नये म्हणून. तिच्यापाशी दोरा होता, बांधायला मनगट नव्हतं. तिनं एकदा आजूबाजूला बघितलं. मग धाग्याचं एक टोक दातात धरून तिनं तो आपल्याच डाव्या मनगटाला बांधला. मी मदतीला हात पुढे केला, तो तिनं बाजूला सारला.

पहिला कोयता तिनं मारला. मग तायेनं करवत चालवली. आत भुसाच होता, फार वेळ लागला नाही. जांभूळ पलीकडच्या उतारावर पडलं, हिरवी फांदी वर करून. क्वेलूमो राहिलेल्या बुंध्यापाशी गेली आणि ढोलीत वाकून बघितलं.

"वाटलं, गळून आत पडलं असेल. नळकांडं नाही," ती म्हणाली.

"इतक्या वर्षांत कुजलं असेल."

"हो," ती म्हणाली. "कुजलंच असेल."

मग आम्हाला दुसरा विचार करायला सवड राहिली नाही. नोवेनं रेषेवरून आग लावत नेली. आमची आग खाली गेली, दरीतली वर आली, आणि मध्ये जो आवाज झाला तो मला अजून कानात आहे. जांभूळ त्या दोहोंच्या मध्ये होतं. ते धडधडून पेटलं, ढोलीतून ज्वाळा निघाल्या, पण आता ते आडवं होतं आणि त्याचे निखारे तिकडच्या तिकडे पडत होते. थोडे इकडे आले. पोरांनी ते ओल्या पोत्यांनी मारले. वरच्या कोपऱ्यातलं थोडं रान गेलं, आवळ्याची काही झाडं गेली. बाकी सगळं राहिलं. क्वेलूमो शेवटपर्यंत धारेवर उभी होती. तिला मागे चल म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

त्यानंतर गावाची एक वेगळीच अडचण झाली. कुणी बोललं नाही, पण सगळ्यांची जीभ एकाच ठिकाणी अडायला लागली. झऱ्यावर ती आली की बायका म्हणायच्या, "आलीस का?" नाव घ्यायच्या नाहीत. पोरं तिला नुसतं "अहो मावशी" म्हणायला लागली. झाड गेलं, पोरगा गेल्याचं तिनंच बोलून दाखवलं, मग क्वेलूची आई म्हणून हाक कशी मारायची? तिच्या जखमेवर रोज बोट ठेवल्यासारखं होणार. पुन्हा आम्ही सगळे शहाणे झालो होतो, आणि पुन्हा गप्प.

पावसानं राख धुऊन नेली. धारेवरच्या बुंध्याला तांबूस धुमारे फुटले. ते बघून नोवे पळत तिला सांगायला गेली. ती म्हणाली, "जांभळाला फुटवा येतोच. त्यात पळत येण्यासारखं काय आहे?" पण दुसऱ्या दिवशी तिनं त्याच्याभोवती काट्यांचं कुंपण केलं.

आणि त्याच पावसाळ्यात उतारावरच्या तिच्या पट्ट्यातली जांभळं भरभरून लागली. आधी एखाददुसरं झाड धरायचं, या वर्षी खाली पाय ठेवायला जागा नव्हती. रोपवाटिकेसाठी बी वेचायला आम्ही दोघीच गेलो होतो. जीभ जांभळी, हात जांभळे. माझी टोपली भरली. ती दोन-तीन झाडं पलीकडे होती, पाठमोरी. मला हाक मारायची होती आणि तोंडात नाव येईना. मग मला वाटलं, जुनं आहे की एक. दोघींनाच माहीत असलेलं.

"मीदा," मी हाक मारली, "दुसरी टोपली आण."

ती वळली नाही. मला वाटलं, पाखरांच्या गलक्यात ऐकू गेलं नसेल.

"मीदा, अगं टोपली."

तेव्हा ती उठली. ओंजळीतली जांभळं तिनं सावकाश टोपलीत ठेवली आणि माझ्याकडे वळली. मनगटावरचा धागा रसानं काळा पडला होता.

"इथं मीदा कोण आहे?" तिनं विचारलं.

मी टोपलीतली पानं वेचायला लागले.

"झाड पाडलं मी, नोवेमो," ती म्हणाली. "पण पोराला जन्म दिला होता, ते काही पुसलं गेलं का? मी कुणाची आई आहे ते विसरलात का सगळे?"

सगळ्या उतारावर तिची जांभळं वाऱ्यानं हलत होती. या खेपेला मी तोंड बंद ठेवलं नाही.

"क्वेलूमो," मी म्हटलं, "टोपली आण."

"आणते," ती म्हणाली, आणि घेऊन आली.